यीस्टचं सोवळं

“विरजण मागायला आलेल्याला परत पाठवायचं नाही. कोण, कुठला, हे विचारायचं नाही. फक्त दिवे लागल्यावर द्यायचं नाही, एवढं पाळ.”

सुनेत्राच्या आईने हे सांगितलं तेव्हा ती एका धुतलेल्या रुमालावर घट्ट दही चोपडून तो रुमाल मिरजेच्या उन्हात वाळत घालत होती. त्या रुमालात बसून ते विरजण इंग्लंडला आलं, कोमट दुधात भिजलं, आणि बारा वर्षं मेडनहेडच्या एका लहानशा घरात रोज नव्या दुधाला लागत राहिलं. सुनेत्राचे नियम थोडे होते, पण पक्के होते. सकाळी आंघोळ, देवापुढे निरांजन, अकरा वेळा अथर्वशीर्ष, आणि मग दह्यातून उद्याच्या विरजणाची वाटी बाजूला काढून ठेवणं. बर्फ पडून ट्रेन, शाळा आणि पोस्ट बंद राहिले तरी ह्या चारांतलं एकही कधी बंद राहिलं नव्हतं.

तिचे यजमान उल्हास ह्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. ते एका सॉफ्टवेअर कंपनीत क्वालिटी मॅनेजर होते, म्हणजे इतरांनी केलेलं काम बरोबर आहे की नाही ते न बघता, ते बरोबर फॉर्मवर केलं आहे की नाही ते बघत. त्यांची आई एकदा सहा महिने राहायला आली होती, तेव्हा तिच्या सोवळ्याची त्यांनी मनसोक्त थट्टा केली होती. “आई, तुझ्या ओल्या लुगड्याला जंतू घाबरतात का गं?” असं ते दिवसातून एकदा तरी विचारत. आई हसून सोडून देई, आणि त्यांनी हात लावलेली कळशी निमूटपणे ओतून पुन्हा भरी.

अशा ह्या घरात यीस्ट आलं, ते मागच्या कुंपणावरून.

सन दोन हजार सहाच्या जुलैत शेजारच्या मॉरीनने सुनेत्राला हाक मारली. मॉरीन बाहत्तर वर्षांची होती आणि त्या घरात एक्केचाळीस वर्षं राहत होती. तिचा नवरा केन मार्चमध्ये वारला होता. केन गॅरेजमध्ये बिअर करायचा. त्याच्या शेवटच्या घाण्यातल्या सहा बाटल्या मॉरीनने कुंपणावर ओळीने मांडल्या.

“सुनी, लव्ह, तळाशी गाळ दिसतोय ना, ते केनचं यीस्ट. एकतीस वर्षं त्याने ते जगवलं. माझ्या वाढदिवसाची तारीख त्याला आठवायची नाही, पण यीस्टला खाऊ घालायचा वार चुकला नाही.” मॉरीनने नाक पुसलं. “तीस सप्टेंबरला मी एडिनबराला चालले, मुलीकडे, कायमची. केनची बादली घेऊन जाणार आहे. पण यीस्ट नसलं तर ती नुसतीच बादली. तुझा उल्हास हुशार आहे. तो हे जागं करेल का? मला एक जॅमची बरणी पुरे.”

सुनेत्राने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता आणि घेणारही नव्हती. पण मॉरीन दारू मागत नव्हती. ती विरजण मागत होती. सुनेत्राला वाटलं, बिचारं यीस्ट तरी कुठे पितं; ते फक्त करतं.

“देईन,” ती म्हणाली. “तुम्ही निघायच्या आधी तुमच्या हातात देईन. वचन.”

उल्हासना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा प्रमोशनच्या पत्राने फुलला नव्हता इतका फुलला. त्यांनी आठवडाभर इंटरनेटवर अभ्यास केला आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा काढून त्यावर हार्ड डिस्कमधलं लोहचुंबक चिकटवलं आणि ते खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात बसवलं. डब्यावर काचेची बरणी ठेवून आत लोखंडाची पिन सोडली की पिन गरगर फिरे आणि यीस्ट ढवळलं जाई. बरणीच्या बुचातून माशांच्या टाकीची नळी काढून तिचं टोक पाण्याच्या पेल्यात सोडलं, म्हणजे आतली हवा बाहेर येईल आणि बाहेरची आत जाणार नाही. प्रेशर कुकर डाळभाताच्या सेवेतून मुक्त होऊन बाटल्या उकळण्याच्या कामी रुजू झाला. साउथॉलहून आणलेली सुनेत्राची चायना ग्रासची पाकिटं जप्त झाली, कारण ती शिजवून थिजवली की त्या जेलीवर यीस्ट फार सुरेख वाढतं. ज्या तारेने यीस्ट उचलायचं ती तार ज्योतीत लाल करावी लागते. तेवढ्यासाठी त्यांनी देवघरातलं निरांजन उचललं.

“अहो, ते देवापुढचं,” सुनेत्रा म्हणाली.

“ज्योतीमुळे हवा वर जाते, जंतू खाली पडत नाहीत. शंभर टक्के विज्ञान.”

सुनेत्राने दुसरं निरांजन काढलं. तिने बारा वर्षं सांगून जे झालं नव्हतं ते झालं होतं. नवरा आंघोळ करून, न बोलता, सकाळ-संध्याकाळ ज्योतीसमोर बसू लागला होता. ज्योत कुणासमोर लावली आहे ह्या तपशिलात ती शिरली नाही.

तिसऱ्या दिवशी पेल्यात पहिला बुडबुडा आला. उल्हास कुकरच्या शिट्टीला दचकतात तसे दचकले आणि मग चमच्याने भांडं वाजवत घरभर फिरले. माल्टचा पाक दिला की यीस्ट दुप्पट होई. जास्तीचं उल्हास सिंकमध्ये ओतायला निघाले, तेव्हा सुनेत्राने हात पुढे केला. जिवंत आणि भुकेलं काही सिंकमध्ये ओतणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिने ते लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत घेतलं, झाकण सैल ठेवलं, आणि बरणी बॉयलरच्या उबदार कपाटात विरजणाच्या शेजारी ठेवून दिली. रोज सकाळी निरांजन झालं की ती तिला चमचाभर उकळून निववलेला पाक घाली. मोड आणलेल्या जवांचा पाक तो, नैवेद्याला चालण्यासारखा. बरणी फार भरली की गुरुवारी भटुरे होत. उल्हासनी ते भटुरे तीनदा मागून घेतले आणि यंदा मैदा चांगला मिळाला आहे असं मत दिलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण ऑगस्टमध्ये उल्हासना कळलं की यीस्टला बाहेरच्या जंतूंचा संसर्ग होतो.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर लॅमिनेट केलेला कागद लागला. आंघोळ केल्याशिवाय आत येऊ नये. बाहेरचे कपडे चालणार नाहीत. केस बांधलेले असावेत. बरणीजवळ बोलू नये, तोंडातून तुषार उडतात. बरणीला हात लावू नये. लागल्यास तत्काळ उल्हासना सांगावे, म्हणजे ती पुन्हा शुद्ध करता येईल.

रविवारी फोनवर त्यांच्या आईने विचारलं, “जेवलास का रे?”

“अजून नाही. आंघोळ व्हायचीय, त्याआधी किचनमध्ये जाता येत नाही.”

“बरा आहेस ना बाळा?” आई म्हणाली. “सुनेत्राला फोन दे.”

टेम्स व्हॅलीतल्या मराठी मंडळाच्या याहू ग्रुपवर उल्हासनी बरणीचे फोटो टाकले आणि तीन दिवसांत एकोणीस जणांनी यीस्ट मागितलं. सुनेत्राला वाटलं, एकोणीस वाट्या लागतील. उल्हासना वाटलं, उपसमिती लागेल. मंडळाचे सेक्रेटरी चंद्रशेखर वॉटफर्डला राहत आणि एका बँकेच्या कम्प्लायन्स विभागात होते. कुठलीही गोष्ट घडू न देण्याचा त्यांना अठरा वर्षांचा अनुभव होता. त्यांनी ‘किण्व संवर्धन उपसमिती’ स्थापन केली. मूळ बरणीला ‘मातृबरणी’ हा दर्जा मिळाला. नमुना एक, स्पर्श परवाना. नमुना दोन, वंशावळ, म्हणजे कोणती बरणी कोणत्या बरणीपासून झाली. एका पिढीच्या दोन बरण्या एका फळीवर ठेवू नयेत असा पोटनियम झाला, तेव्हा त्याला गोत्राचा नियम म्हणायचं का, ह्यावर दोन मतं पडली. नमुना तीन, दान मागणाऱ्याचा अर्ज.

मातृबरणीला खाऊ घालताना दोन सह्या लागतील असं ठरलं. एक उल्हासची, एक चंद्रशेखरची. वॉटफर्डहून मेडनहेडला यायचं तर एम-ट्वेंटीफाइव्ह मोटरवे, आणि एम-ट्वेंटीफाइव्हवर चंद्रशेखर ज्या शनिवारी अडकत, त्या शनिवारी यीस्ट उपाशी राही. आले की मात्र ते खबरदारी म्हणून बरणीच्या काठावरून जंतुनाशक द्रावणाचे दोन थेंब सोडत.

“आत गेलं थोडं,” सुनेत्राने एकदा सांगितलं.

“वहिनी, चांगलंच आहे,” चंद्रशेखर म्हणाले. “आतूनही स्वच्छ.”

बॉयलरच्या कपाटातली लोणच्याची बरणी उपसमितीच्या कार्यकक्षेत येत नव्हती, कारण तिचा नमुना कुणी भरला नव्हता. जी वस्तू कागदावर नाही ती घरात असूनही कुणाला दिसत नाही, हा कम्प्लायन्सचा फार मोठा फायदा आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुनेत्राने मॉरीनची आठवण करून दिली.

“देणार की,” उल्हास म्हणाले. “तिला नमुना तीन दे.”

“अहो, यीस्ट तिचंच आहे.”

“म्हणूनच. घरातल्या माणसालाच सवलत दिली तर बाहेरच्यांना काय सांगणार?”

मॉरीनने चष्मा लावून चार पानी अर्ज मन लावून भरला. पत्त्याच्या पुराव्यासाठी तीन महिन्यांच्या आतली दोन बिलं हवी होती. तिची गॅस, वीज, पाणी आणि कौन्सिल टॅक्स, चारही बिलं केनच्या नावावर होती. बँकेला तिने केन गेल्याचं कळवलं होतं. पण बँकेला ते केनकडून लेखी हवं होतं.

“मग तिचा पत्ता सिद्ध होत नाही,” चंद्रशेखर स्पीकरफोनवरून म्हणाले.

“ती शेजारीच राहते,” सुनेत्रा म्हणाली. “आत्ता कपडे वाळत घालतेय. खिडकीतून दिसतेय मला.”

“वहिनी, दिसणं हा पुरावा नाही. शिवाय ती तीस तारखेला जाणार, म्हणजे कायमचा पत्ताही नाही. एडिनबराच्या बिलाशिवाय एडिनबराला यीस्ट कसं देणार?”

उल्हासच्या चेहऱ्यावर मंद समाधान पसरलं. “मी नवीन आलो तेव्हा बँकेतल्या पोरीने मला अस्सच बसवलं होतं. बिलाशिवाय खातं नाही, खात्याशिवाय घर नाही, घराशिवाय बिल नाही. चार महिने. मला काय वाटलं असेल सांग.”

“काय वाटलं होतं?”

“हेच, की ही कसली माणसं,” ते म्हणाले. “पण प्रोसेस पक्की होती हं त्यांची.”

अर्जात आणखी एक रकाना होता, ‘यापूर्वीची संवर्धन पद्धती’. तिथे मॉरीनने लिहिलं होतं, ‘लाकडी चमचा’. उपसमितीने त्यावर लाल शाईने ‘पद्धती उपलब्ध नाही’ असा शेरा मारला आणि अर्ज शुक्रवारच्या बैठकीपुढे ठेवला. शुक्रवार म्हणजे एकोणतीस. मॉरीनची व्हॅन शनिवारी अकराला येणार होती.

त्या शुक्रवारी ऑफिसं सुटल्यावर बैठक भरली. मातृबरणीची शुद्धता तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी असं आधी ठरलं होतं, म्हणून सुनेत्राची मैत्रीण धम्मशीला आपला छोटा मायक्रोस्कोप घेऊन आली होती. ती नागपूरची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. रोज सकाळी पंचशील म्हणायची आणि पाचवं शील मद्य न पिण्याचं असल्यामुळे ह्या सगळ्या उद्योगाकडे फार प्रेमळ कुतूहलाने बघायची. पूर्ण घरात त्या यीस्टची खरी काळजी असलेल्या दोघीच होत्या, आणि दोघी पीत नव्हत्या.

धम्मशीलाने बरणीकडे हात नेला.

“नको, नको,” उल्हास घाईघाईने म्हणाले. “तू हात नको लावू. तू काच खाली धर, मी वरून सोडतो.”

त्यांनी हातभर उंचीवरून एक थेंब सोडला. धम्मशीलाने काच धरली, थेंब झेलला आणि हसली.

“उल्हासभाऊ, असं वरून ओतलं ना, तर मला आमच्या आजीचीच आठवण झाली. तिलाही विहिरीवर असंच वरून द्यायचे. ओंजळ धर म्हणायचे.”

खोलीत फक्त पंख्यावरची पिन फिरत होती.

“छे गं, तसं नाही हे,” उल्हास म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “हे शास्त्र आहे.”

“तेही हेच म्हणायचे,” धम्मशीला म्हणाली आणि मायक्रोस्कोपवर वाकली.

तिने थेंबात निळा रंग मिसळला. जिवंत यीस्ट तो रंग टिकू देत नाही, मेलेलं निळंशार होतं, असं तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. मग ती बराच वेळ बघत राहिली. काच सरकवून पुन्हा बघितलं.

“भेसळ शून्य,” ती म्हणाली.

उल्हास आणि चंद्रशेखर ह्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले.

“एकही परका जंतू नाही. इतकं स्वच्छ सँपल मी हॉस्पिटलमध्येसुद्धा पाहिलं नाही.” तिने मान वर केली. “जिवंत यीस्टही शून्य. सगळं निळं आहे. उपाशी मेलं असेल, किंवा ते थेंब सोडत होता त्याने. मेलेल्याला संसर्ग होत नसतो, भाऊ.”

उल्हास खाली बसले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. पहिल्या बुडबुड्याला भांडं वाजवणारा माणूस होता तो. पण चंद्रशेखर ह्यांनी अठरा वर्षांत असे पुष्कळ प्रसंग निभावले होते. त्यांनी इतिवृत्ताची वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, “मातृबरणीत कोणतीही भेसळ आढळली नाही, असा तज्ज्ञांचा अहवाल प्राप्त झाला. सबब ही बरणी प्रमाण बरणी म्हणून जाहीर करण्यात येत आहे. एकोणीस अर्जदारांना हिच्यातूनच वाटप होईल.”

“मेलेलं आहे ते,” धम्मशीला म्हणाली.

“अहवालात जिवंतपणाचा रकाना नाहीये,” चंद्रशेखर म्हणाले. “पुढच्या वर्षी घालू. श्रीमती मॉरीन ह्यांचा अर्ज, बिलांअभावी, नोव्हेंबरपर्यंत स्थगित.”

सुनेत्राने चहा दिला. मग तिने धम्मशीलाला जरा आत बोलावलं आणि बॉयलरचं कपाट उघडलं. लोणच्याची बरणी फेसाने काठोकाठ आली होती आणि सैल झाकण हळूच वरखाली होत होतं, पोथी ऐकताना डुलक्या काढणाऱ्या माणसाच्या मानेसारखं. धम्मशीलाने बरणी दोन्ही हातांनी उचलली, झाकण काढून वास घेतला, आणि तिथेच कपाटासमोर मांडी घालून मायक्रोस्कोप लावला.

“ताई, ह्याच्यात दोनचार पाहुणे आहेत. तुमच्या दह्यातले दिसतात.”

“मग वाईट झालं का?”

“शंभरात शहाण्णव जिवंत आहेत. असं नांदतं घर मी कधी बघितलं नाही. काय करता तुम्ही?”

“रोज खाऊ घालते,” सुनेत्रा म्हणाली. “दुसरं काय करायचं असतं?”

बाहेर अंधार पडू लागला होता. सुनेत्राने एकदा शेजारच्या खिडकीकडे पाहिलं, मग देवघराकडे. नवरात्र होतं, नंदादीप तेवत होता, आणि दिवे लागले होते. तिने कपाट लावून घेतलं. अकरा वाजता व्हॅन येणार, म्हणजे सकाळ हातात होती.

शनिवारी तिने आंघोळ केली. नंदादीपात तेल घातलं, निरांजन ओवाळलं, अकरा आवर्तनं पूर्ण केली. विरजणाची वाटी बाजूला काढली. मग लोणच्याच्या बरणीतलं यीस्ट लाकडी चमच्याने ढवळून तिने स्ट्रॉबेरी जॅमच्या रिकाम्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरलं, सैल झाकण लावलं आणि बरणी स्वच्छ फडक्यात बांधली. उल्हास टेबलाशी बसून प्रमाण बरणीची एकोणीस लेबलं छापत होते. त्यांनी वर पाहिलं.

“कुठे निघालीस?”

“शेजारी. विरजण द्यायला.”

उल्हासनी फडक्याकडे पाहिलं. फडक्यातून बारीक फसफस ऐकू येत होती. ते पुष्कळ काही समजले असावेत, कारण त्यांचा हात आपोआप लेबलांवरून उचलला गेला. तरीसुद्धा तोंडातून निघालं ते सवयीचंच निघालं.

“अर्ज भरलाय का तिने?”

“तिने मागितलंय,” सुनेत्रा म्हणाली.

त्यांनी उठून दारावरचा लॅमिनेट केलेला कागद एका बाजूने धरला, म्हणजे दार उघडताना तिच्या हातातल्या बरणीला तो लागू नये.

आता वाचकहो, तुम्ही उपसमितीला मनमोकळं हसला असाल. पण मघाशी ते दह्यातले दोनचार पाहुणे निघाले, तेव्हा तुम्ही मनात एकदा नाक मुरडलंत की नाही? ती लोणच्याची बरणी उकळून घेतली होती का, असं तुमच्याही मनात येऊन गेलं असेल. धम्मशीलाने बरणी दोन्ही हातांनी उचलली, तेव्हा क्षणभर तुमचं लक्ष त्या हातांकडे गेलं असेल, तर संकोच करू नका. वॉटफर्डला कळवा. नमुना एक तयार आहे, आणि उपसमितीत एक जागा रिकामी आहे.

बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. व्हॅन अजून आली नव्हती. फुटपाथवर केनची बादली एकटीच उभी होती, आणि तिच्यात एक लाकडी चमचा खोचलेला होता. सुनेत्राने चपला सरकवल्या, फडक्याची गाठ पदराखाली घेतली, आणि फाटकाची कडी वाजू न देता उघडली.